आवडीने खातो, म्हणून

चिंचिला पाळणाऱ्या घरांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो: याला हिरवा पाला दिला तर चालतो का? मेथी, कोथिंबीर, पालक, लेट्यूस, कोबीचे एखादे पान खाऊ म्हणून पुढे केले तर बाधेल का? प्रश्न साधा आहे, विचारणाऱ्याच्या मनात माया आहे, त्याला सरळ उत्तर मिळायला हवे आणि ते मी पुढे देणार आहे. पण हा प्रश्न कधी विचारला जातो ते आधी पाहा. प्राणी विकत आणून झालेला असतो. पिंजरा सजलेला असतो, नाव ठेवून झालेले असते, इमारतीतल्या मुलांनी येऊन फोटो काढलेले असतात, कोबीची पाने दोन-चारदा देऊनही झालेली असतात. मग एके सकाळी लेंड्या पातळ दिसतात, किंवा पोट हाताला टणक लागते, आणि तेव्हा कुठे घरात प्रश्न उभा राहतो. जो जीव पुढची दहा-पंधरा वर्षे सर्वस्वी आपल्या हातून खाणार आहे, तो खातो काय हे त्याला घरी आणण्याआधी विचारावेसेही न वाटणे हा अपराध आहे. शिकलेल्या, सुस्थितीतल्या, स्वतःला प्राणिप्रेमी म्हणवणाऱ्या घरांत तो घडतो. तिथे त्याला कोणी अपराध म्हणत नाही, म्हणून इथे म्हणावे लागत आहे.

पुण्यातल्या एका दुकानात हा व्यवहार मी समोर उभा राहून पाहिला आहे. वडील, त्यांचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा आणि काउंटरवर तारेचा पिंजरा. आत ओंजळीत मावेल असा राखाडी प्राणी, मोठे पातळ कान, लांब मिशा, ट्यूबलाइटच्या उजेडात कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. चिंचिला रात्री जागणारा प्राणी आहे. भर दुपार ही त्याच्या गाढ झोपेची वेळ. मुलाने विचारले, "काका, हा खातो काय?" दुकानदार बिल फाडत होता. मान वर न करता म्हणाला, "सगळं खातो रे. कोबी दे, गाजर दे, पालक दे, मनुके दे. चपातीचा तुकडा दिलास तरी आवडीने खाईल." वडिलांनी विचारले, "याचं फार काही करावं लागत नाही ना?" "काही नाही, साहेब. सशासारखंच." एवढ्या बोलण्यावर सौदा झाला. गवत हा शब्द त्या संभाषणात एकदाही आला नाही. ज्या एका वस्तूवाचून हा प्राणी जगू शकत नाही, तिचे नाव विकणाऱ्याने घेतले नाही आणि घेणाऱ्याने विचारले नाही. पिंजऱ्याबरोबर रंगीत प्लॅस्टिकचे चाक तेवढे घेतले गेले.

चिंचिला हा अँडीजचा रहिवासी. चिली, पेरू, बोलिव्हिया आणि अर्जेंटिना या देशांतून गेलेल्या त्या पर्वतरांगांत उघडे खडक, थंड रात्री, विरळ झुडपे आणि अगदी थोडा पाऊस अशा मुलखात त्याची जात वाढली. दिवस खडकांच्या फटींत काढायचा, अंधार पडला की कळपाने बाहेर यायचे आणि जे वाळके-राठ मिळेल त्यावर भागवायचे: चिवट गवत, झुडपांची पाने, साली, बिया, निवडुंगाचा गर. थंडीसाठी त्याला अशी लव मिळाली की त्वचेच्या एकेका छिद्रातून पन्नास-साठ केस उगवतात. हीच लव त्याच्या मुळावर आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी युरोप-अमेरिकेतल्या धनिकांच्या कोटांसाठी लाखो कातडी जहाजांतून गेली. पूर्ण लांबीच्या एका कोटाला शंभरावर प्राणी लागतात. १९१० साली या चार देशांनी शिकार थांबवण्याचा करार केला, तर कातड्यांचे भाव भडकले आणि उरलेसुरले कळप चोरून मारले गेले. १९२३ साली मथायस चॅपमन नावाच्या अमेरिकन खाण अभियंत्याने चिलीतून डझनाच्या आसपास जिवंत चिंचिला कॅलिफोर्नियात नेले आणि त्यांची पैदास सुरू केली. तीही कातड्यासाठीच. अमेरिकेतल्या घराघरांत आज जे पाळीव चिंचिला दिसतात, त्यांतले बहुतेक त्या मूठभर प्राण्यांचे वंशज मानले जातात. रानातल्या दोन्ही जाती नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत. चिलीत इयापेल गावाजवळ १९८३ साली त्यांच्यासाठी राखीव क्षेत्र करावे लागले.

भारत सरकारने २०१७ च्या जानेवारीत मिंक आणि कोल्ह्याच्या कातड्यांबरोबर चिंचिलाच्या कातड्याच्या आयातीवरही बंदी घातली. ते योग्यच झाले. कातडे आता बंदरावर अडते. जिवंत चिंचिलाचे आपल्या दिवाणखान्यात काय होते ते पाहायला मात्र दारात कोणी उभे नसते. मेलेल्या चिंचिलाचा कोट अंगावर घालणे आपल्याला क्रौर्य वाटते, आणि जिवंत चिंचिला अज्ञानाने हळूहळू मारणे हा छंद वाटतो. या दोन्ही भावना एकाच घरात, एकाच माणसाच्या मनात सुखाने नांदतात.

पाल्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या तोंडात आणि पोटात आहे, म्हणून तिथे जरा थांबू. चिंचिलाला वीस दात असतात आणि ते सगळे जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात वर्षाला पाच ते सात सेंटिमीटर वाढतात. निरोगी दात पिवळट नारिंगी असतात; ते पांढरे पडले तर ती काळजीची खूण असते. आता हा प्राणी गवताची काडी खातो कशी ते जवळून पाहा. पुढच्या दोन पंजांत ती धरतो, टोकाकडून आत सरकवतो, आणि दाढा आडव्या, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, न थकता फिरत राहतात. गवतातली राठ तंतुमय काया आणि तिच्यातली वाळूसारखी कणखर सिलिका यांनी दाढा घासल्या जातात. जेवढ्या वाढतात तेवढ्या झिजतात. हाच त्याच्या आयुष्याचा तोल आहे. लेट्यूसचे पान याच तोंडात गेले की चार-सहा चावण्यांत त्याचे पाणी होते. घासणे झाले नाही, पोट मात्र भरले. असे रोज होऊ लागले की दाढा वाढतात. त्यांची टोके जिभेला, गालाला टोचू लागतात, मुळे खाली जबड्याच्या हाडात आणि वर डोळ्याच्या दिशेने सरकतात. हनुवटी लाळेने ओली राहते, डोळ्यांतून पाणी वाहते, खालच्या जबड्यावर बोटाला गाठी लागतात. हे पहिल्या दिवशी दिसत नाही. कित्येकदा दिसते तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

पोटाची रचनाही तशीच काटकसरीची. लहान आतडे जिथे संपते तिथे मोठे आंधळे आतडे असते आणि तिथले जिवाणू गवताचे धागे आंबवून त्यातून पोषण काढतात. हे जिवाणू वाळक्या चाऱ्याला सरावलेले असतात. अचानक भरपूर पाणी आणि साखर असलेले अन्न आत आले की त्यांची घडी विस्कटते, नको ते जिवाणू फोफावतात, वायू धरतो. माणसाला ढेकर येतो, उलटी होते. चिंचिलाला उलटी करता येत नाही. वायू आत कोंडतो, पोट ढोलासारखे ताणले जाते, प्राणी पाठीला कुबड काढून बसतो किंवा कळ सोसवत नाही म्हणून एका अंगावर लोळतो. त्याने खाणे थांबवले की आतड्यांची हालचाल मंदावते आणि मग यकृतही बिघडायला वेळ लागत नाही.

आता उत्तर. पाला चिंचिलासाठी विष नव्हे, आणि तो त्याचे अन्नही नव्हे. प्रौढ, निरोगी, चोवीस तास समोर वाळके गवत असलेल्या आणि ते भरपूर खाणाऱ्या चिंचिलाला कोथिंबिरीची एखादी काडी किंवा रोमेन जातीच्या लेट्यूसचा छोटा तुकडा आठवड्यातून एकदा-दोनदा दिला, तर बहुतेकांना तो सोसतो, असे बरेच पशुवैद्य सांगतात. अनेक अनुभवी पैदासकार मात्र ताजा पाला मुळीच देऊ नका म्हणतात. मला विचाराल तर मी दुसऱ्या बाजूचा आहे, कारण पहिल्या बाजूच्या सगळ्या अटी पाळणारे घर मी क्वचितच पाहिले आहे. पाला द्यायचाच असेल तर धुऊन पूर्ण कोरडा केलेला, एका वेळी एकाच प्रकारचा, बोटाच्या पेराएवढा द्यावा आणि दुसऱ्या दिवशी लेंड्या पाहाव्यात. निरोगी लेंडी तांदळाच्या जाड दाण्यासारखी, काळपट तपकिरी आणि इतकी कोरडी असते की कागदावर पडली तर टक आवाज येतो. ती मऊ झाली, चिकटू लागली, बारीक झाली किंवा कमी झाली तर पाला बंद. सहा महिन्यांखालच्या पिल्लाला तर ताजा पाला नकोच.

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि त्यांची पाने वायू धरतात, ती वर्ज्य. फिकट, कुरकुरीत आइसबर्ग लेट्यूस म्हणजे जवळजवळ नुसते पाणी. पालकात ऑक्झलेट भरपूर असते. लसूणघास, ज्याला परदेशी पाकिटांवर अल्फाल्फा म्हणतात, कॅल्शियमने भरलेला असतो. वाढत्या पिल्लाला किंवा गाभण मादीला तो वाळवून दिला तर ठीक. प्रौढ प्राण्याला रोज दिला तर मूत्राशयात खडे होण्याचा धोका. कांद्या-लसणाची पात, टोमॅटो-बटाट्याचा पाला यांच्याजवळही जाऊ नये. मंडईतल्या जुडीवर कोणते औषध फवारले आहे हे विकणारी मावशीही सांगू शकत नाही, आणि जे औषध आपल्याला पचते ते अर्धा किलोच्या जिवाला पचेलच असे नाही. रोजचे अन्न म्हणून टिमोथी किंवा तशाच जातीचे वाळके गवत, चाऱ्याच्या मोजक्या साध्या गोळ्या आणि स्वच्छ पाणी. मनुका, बेदाणे, काजू, चपाती, बिस्किटे यांना त्याच्या पिंजऱ्यात जागा नाही.

कोणी म्हणेल, रानात तोही पाला खातोच की. खातो. पण कोरड्या डोंगरावरच्या काटेरी झुडपाचे कातडीसारखे चिवट पान आणि ठिबकच्या पाण्यावर वाढलेली लुसलुशीत जुडी यांना एकाच तागडीत घालता येत नाही. शिवाय रानात ते पान मिळवायला तो रात्रभर खडकांवरून उड्या मारत हिंडतो.

या सगळ्या सांगण्यावर मला हटकून एकच प्रत्युत्तर मिळते: "पण तो आवडीने खातो हो!" हे वाक्य आपल्या समाजाचे सर्वांत मोठे समर्थन झाले आहे. दुकानदार त्यावर माल विकतो, आई त्यावर मुलाचा हट्ट पुरवते, पाहुणा त्यावर बशीतले बिस्किट पिंजऱ्यात सरकवतो. प्राण्याने तोंड लावले की आपल्या मनातली शंका मिटते. आवड म्हणजे हित, असे आपण कधी ठरवले? अँडीजमधल्या प्राण्याला ओलसर, गोडसर घास वर्षातून कधीतरी मिळायचा, म्हणून तो दिसताच झडप घालणे त्याच्या रक्तात आहे. ती झडप भुकेची आहे, आणि तो घास त्याला रोज कधी मिळणारच नव्हता, म्हणून त्याच्याजवळ थांबण्याची अक्कलही नाही. ती अक्कल आपल्याजवळ असायला हवी होती.

याहून भयंकर गोष्ट पुढे आहे. ज्या चिंचिलाच्या दाढा दुखू लागतात तो राठ गवत सोडतो आणि मऊ अन्नाकडे वळतो. गवताची काडी तोंडात धरतो, टाकून देतो. कोथिंबिरीची काडी मात्र पटकन घेतो, कारण ती चावताना कळ कमी येते. घरातली माणसे हे पाहतात आणि कौतुकाने सांगतात, "याला गवत आवडतच नाही, पाला मात्र किती आवडीने खातो!" वेदना डोळ्यांसमोर असते आणि आपण तिला आवड हे नाव देतो. तिच्यावर आणखी पाला घालतो. शिकार होणारा प्राणी दुखणे लपवतो. रानात दुखणाईत दिसणे म्हणजे ससाण्याच्या, कोल्ह्याच्या तोंडी जाणे. त्यामुळे तो ओरडत नाही, कण्हत नाही. त्याची तक्रार फक्त अर्धवट चावून टाकलेल्या गवतात आणि घटलेल्या वजनात असते. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याला ठेवायला दोन मिनिटे लागतात. किती घरांत ठेवतात?

आपल्याकडच्या धनगराला हे शहाणपण कोणी शिकवावे लागत नाही. पहिल्या पावसानंतर माळावर कोवळे गवत फुटते, मेंढरे त्यावर तुटून पडतात, आणि त्याच दिवसांत आंत्रविषाराने धडधाकट कोकरे रातोरात मरतात. म्हणून जाणता धनगर कळपाला त्या गवतावर मोकळे सोडत नाही. आधी वाळका चारा पोटात घालतो, पावसाळ्याआधी लस टोचून घेतो. मेंढरू ते गवत आवडीने खाते हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक आहे? तरी तो काठी आडवी धरतो. त्याचे पोट त्या मेंढरावर आहे, म्हणून मेंढराचे पोट त्याला कळते. आमच्या सोसायटीतल्या पदवीधराला ते कळत नाही, कारण चिंचिला मेला तर त्याचे काही अडत नाही. दुसरा आणता येतो.

ही खोड एका चिंचिलापुरती असती तर इतके लिहिले नसते. घाटात गाडी थांबवून माकडांना वेफर्सची पाकिटे देणारे आपणच. ती माकडे मग गाड्यांच्या मागे धावतात, चाकाखाली येतात, माणसांना चावतात, आणि त्यांना उपद्रवी ठरवून पिंजरे लावणारेही आपणच. उकिरड्यावर चरणाऱ्या गाईला प्लॅस्टिकच्या पिशवीसकट शिळी पोळी टाकून हात जोडणारे आपणच. २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावर महापालिकेने ताडपत्री घातली तेव्हा ती फाडायला माणसे रस्त्यावर उतरली. एका बाजूने श्रद्धेची भाषा होती, दुसऱ्या बाजूने माणसांच्या फुप्फुसांची. पोत्याने ओतलेल्या दाण्यावर बसल्या जागी जगणारे पाखरू निरोगी राहते का, हा प्रश्न त्या गदारोळात जवळजवळ ऐकूच आला नाही. दाणा टाकणाऱ्याला पुण्य मिळाले की व्यवहार पुरा झाला, अशी आपली समजूत आहे. घेणाऱ्याचे काय होते हे पाहण्याची जबाबदारी देणाऱ्यावर असते, ही गोष्ट आपल्या दानधर्मातून निसटून गेली आहे. चिंचिलाच्या पिंजऱ्यात सरकणारे कोबीचे पान त्याच समजुतीतून सरकते. देताना आपल्याला बरे वाटते. प्राण्याचे पंजे पुढे येतात, मिशा हलतात, मोबाइलवर चित्रफीत होते, लोक हृदयाच्या खुणा टाकतात. त्या चित्रफितीत दुसऱ्या दिवसाची सकाळ नसते.

आणि आपण हे मुलांना शिकवतो आहोत. वाढदिवसाला जिवंत प्राणी भेट देण्याची पद्धत ज्या घरांत रुजली आहे, त्या घरांतल्या आईवडिलांना मला विचारायचे आहे: तुमचा मुलगा आज दहा वर्षांचा आहे. नीट सांभाळलेला चिंचिला पंधरा, कधी वीस वर्षेही जगतो. मुलगा दहावीला बसेल, बारावीच्या क्लासला जाईल, शिकायला परगावी किंवा परदेशी जाईल, तेव्हा रात्री जागणाऱ्या या प्राण्याबरोबर कोण जागणार आहे? तुम्ही हा हिशोब केला नाही, कारण तुम्ही खेळणे आणले. मुलाला तुम्ही दाखवून दिले की जीव विकत मिळतो, कंटाळा आला की गॅलरीत ठेवता येतो, आणि प्रेम म्हणजे आपल्या ताटातले काहीतरी त्याच्या तोंडात घालणे. लहान मूल पालकाचे पान घेऊन पिंजऱ्याकडे धावते तेव्हा त्याचा हात धरून "थांब, आधी त्याला काय हवं ते बघू" म्हणणे, हे बालशिक्षण आहे. तो हात धरायला आपल्याला जड जाते, कारण मुलाचा चेहरा पडेल. मुलाचा चेहरा घटकाभर पडू नये म्हणून दुसऱ्या जिवाने पोटफुगीने तळमळावे, ही किंमत आपण न बोलता मान्य केली आहे.

हवामानाविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यात वाद नाही. पंचवीस अंशांच्या वर चिंचिलाला धाप लागू लागते. त्याला घाम येत नाही आणि अंगावरची लव काढून ठेवता येत नाही. मुंबईच्या दमटपणात, विदर्भाच्या उन्हाळ्यात त्याला चोवीस तास वातानुकूलित खोली लागते, वीज गेली तर पर्याय लागतो. अंग पाण्याने धुऊन चालत नाही. बारीक ज्वालामुखी मातीत लोळून तो स्वच्छ होतो. ज्या घरात मेच्या दुपारी विजेचे बिल वाचवण्यासाठी माणसेही पंख्याखाली बसतात, तिथे हा प्राणी आणणे म्हणजे त्याला भट्टीत बसवणे.

कायद्याकडे पाहावे तर तिथे लाज वाटावी अशी स्थिती आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा. पहिल्या अपराधाला त्यात लिहिलेला दंड दहा ते पन्नास रुपये. प्राणी विकणाऱ्या दुकानांसाठी २०१८ साली नियम झाले, नोंदणी बंधनकारक झाली. ते नियम किती दुकानांच्या दारातून आत गेले आहेत, हे कोणत्याही शहरातल्या प्राण्यांच्या बाजारात एक चक्कर मारली की डोळ्यांना दिसते. ज्या महाराष्ट्रातल्या मुंबईत १८७४ सालीच प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध संस्था उभी राहिली, त्याच महाराष्ट्रात दीडशे वर्षांनंतर दुकानदार परमुलखातला प्राणी विकतो आणि तो काय खातो हे सांगण्याचे बंधन त्याला वाटत नाही. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर शहरांत पुष्कळ आहेत. चिंचिलाच्या दाढा तपासू शकणारे फार थोडे, आणि तालुक्याच्या गावी तर विचारूच नका. तरीही चिंचिला तालुक्याच्या गावी पोचतो. पशुवैद्यकांनीही आपल्या मौनाचा विचार करावा. असे प्राणी आपल्याकडे विकू नयेत असे स्पष्ट बोलणारे त्यांच्यात आहेत, पण ते बोलणे दवाखान्याच्या चार भिंतींबाहेर फारसे येत नाही.

मी दुकानदारांना एवढेच म्हणेन: विकणार असाल तर पिंजऱ्यावर मराठीत ठळक लिहून लावा की याला आयुष्यभर वाळके गवत लागते, ते कुठे मिळते, महिन्याला किती खर्च येतो, आणि तुमच्या शहरात याचा डॉक्टर कोण आहे. हे लिहिल्यावर गिऱ्हाईक फिरले तर फिरू द्या. प्राणिमित्र संस्थांनी भटक्या कुत्र्यांइतकेच लक्ष या बंद दाराआडच्या प्राण्यांकडेही द्यावे. शाळांनी वर्गात ससे, हॅमस्टर ठेवून मुलांना "करुणा" शिकवण्याआधी ते ससे सुट्टीत कोणाच्या घरी जातात हे तपासावे.

ज्यांच्या घरी चिंचिला आधीच आहे त्यांनी अपराधी भावनेत वेळ घालवू नये. कामे पुष्कळ आहेत. आजपासून ताज्या पाल्याची, मनुक्यांची, चपातीची बशी बंद करा. चांगले वाळके गवत मागवा आणि ते पिंजऱ्यात कायम भरलेले ठेवा. मात्र आतापर्यंत पाला खूप दिला असेल तर तो एकदम न तोडता चार-आठ दिवसांत कमी करत आणा आणि त्या दिवसांत गवत किती संपते ते रोज पाहा. गवताला तोंडच लावत नसेल तर तो लाडावला आहे असे समजू नका. आधी दाढा तपासून घ्या. हनुवटीखाली बोट फिरवून ओलावा लागतो का पाहा, जबड्याच्या खालच्या कडेवरून हलके चाचपून गाठ लागते का पाहा, दर रविवारी वजन वहीत लिहा. खाऊ द्यावासाच वाटला तर औषध न मारलेल्या पेरूची किंवा सफरचंदाची वाळलेली काडी द्या. ती कुरतडण्यात त्याचा वेळ जातो आणि दातही घासले जातात. शक्य असेल तर योग्य ओळख करून देऊन त्याला जोडीदार द्या, कारण हा कळपात राहणारा प्राणी आहे. सांभाळणे खरोखरच झेपत नसेल तर त्याला टेकडीवर किंवा बागेत सोडू नका, तिथे तो दोन दिवसही काढणार नाही. थंड खोली आणि गवत देऊ शकेल असे घर शोधून त्यांच्या हाती द्या. आणि हे प्राणी तपासणारा डॉक्टर आजच शोधून त्याचा नंबर फ्रिजवर लावून ठेवा. चिंचिलाने खाणे सोडले की चोवीस तासांच्या आत त्याला डॉक्टरच्या टेबलावर पोचवावे लागते, आणि ते चोवीस तास नंबर शोधण्यात जाऊ नयेत.